अंगाचा साबण घरात सगळ्यांनी एकच वापरला तर चालतो का? (दिराला गजकर्ण झालंय)

विश्रामबागची_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे, हसू नका. आम्ही सांगलीत, घरात सात माणसं, सासूसासरे, दीर, आम्ही दोघं आणि दोन पोरं. बाथरूम एकच आणि अंगाचा साबण पण एकच. म्हणजे कट्ट्यावर एक वडी असते, ती झिजून पातळ झाली की नव्या वडीला चिकटवायची, टाकून द्यायची नाही, हा सासूबाईंचा नियम. माहेरी पण असंच होतं त्यामुळे मला कधी काही वाटलं नाही. पण दीर तालमीत जातो, त्याला उन्हाळ्यापासून कमरेला आणि जांघेत गजकर्ण उठलंय, गोल गोल चट्टे, रात्री खाजवत बसतो. आणि आता माझ्या धाकट्याच्या मानेवर तसलाच एक गोल दिसायला लागलाय.

म्हणून मी बाजारातनं वड्यांचं मोठं पाकीट आणलं, प्रत्येकाला वेगळी साबणदाणी, वर मार्करनं नावं. त्यावरून घरात जे झालंय ते विचारू नका. सासूबाई म्हणतात "एवढी वर्षं एका साबणानं अंघोळ केली, कुणाला काय झालं नाही, आता आमचा विटाळ व्हायला लागला का?" सासरे बोलत काही नाहीत पण मुद्दाम दिराच्या साबणानं अंघोळ करून येतात आणि वर ओली वडी माझ्या डब्यात ठेवतात.

शेजारच्या काकू म्हणतात साबण म्हणजे साबण, त्याच्यावर जंतू जगेलच कसा. आणि पोराच्या शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय की वडीवर करोडो जंतू असतात, लिक्विडच वापरा. खरं काय ते कुणी नीट सांगेल का? बेसिनवरच्या साबणाचं पण सांगा, तो तर कामवाल्या मावशींपासून पाहुण्यांपर्यंत सगळेच वापरतात.

बिनपाण्याची_हजामत

सासऱ्यांना आपला सपोर्ट आहे 😂 आमच्याकडं एक साबण, एक कंगवा आणि एक रिमोट, आणि भांडण फक्त रिमोटवरनं.

मेडिकलवाला_मिरज

ताई, साबण वेगळे केलेत ते ठीक, पण टॉवेलांचं काय? तुम्ही एवढं सगळं लिहिलंत त्यात टॉवेलाचा शब्द नाही. दीर अंग कशानं पुसतो, तो टॉवेल कुठं वाळतो, धाकटा कुणाजवळ झोपतो, हे आधी बघा. साबणाकडं मी नंतर येतो.

गजकर्ण म्हणजे बुरशी. ती एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर जाते, नाहीतर टॉवेल, कपडे, चादर, उशीचा अभ्रा यांच्यावरून जाते. तिला ओल आणि ऊब लागते. आता बहुतेक घरातला टॉवेल आठवा, बाथरूमच्या दाराच्या मागं खिळ्याला, एकावर एक तीन टांगलेले, खालचा कधीच पूर्ण वाळत नाही, वास मारतो, आणि घाईच्या वेळी ज्याला जो हाताला लागेल तो घेऊन अंग पुसतो. बुरशीला याच्यापेक्षा चांगली सोय नाही. साबणाच्या वडीवर तिला एवढी सोय मिळत नाही, कारण वडीचा वरचा थर तुम्ही हात फिरवला की फेस होऊन वाहून जातो. टॉवेल मात्र घासून घासून कोरडा करतो आपण, जे असेल ते कातडीत चोळून.

आता काकू आणि व्हिडिओ. दोघंही अर्धे बरोबर आहेत. वडीवर जंतू असतात, हे खरं. ओल्या, पाण्यात बुडून लगदा झालेल्या वडीवर जास्त असतात. साबण काय कीटकनाशक नाही की लागला की सगळं मेलं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, आणि आपल्या अंगावरचा मळ तेलकट असतो, त्यामुळे तो मळ आणि त्यात अडकलेले जंतू सुटून पाण्याबरोबर जातात. काही विषाणूंचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं ते साबणानं फुटतं, करोनाच्या वेळी हात धुवा हात धुवा करत होते ते त्यासाठी. पण बाकी बरंचसं काम मारण्याचं नसतं, धुवून काढण्याचं असतं. म्हणून घासणं आणि भरपूर पाण्यानं धुणं महत्त्वाचं.

मग दुसऱ्याच्या वडीवरचे जंतू आपल्या हाताला चिकटतात का, तर हे तपासून बघितलेलं आहे. १९६५ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात निष्कर्ष निघाला की वडीवरून जंतू पुढच्या माणसाकडं जात नाहीत. मग १९८८ मध्ये परत एकदा केला, त्यात वड्यांवर मुद्दाम जंतू सोडले, नेहमीच्या वापरलेल्या वडीवर सापडतात त्याच्या सुमारे ७० पट, आणि १६ जणांना त्या वडीनं हात धुवायला लावले. धुतल्यावर हात तपासले तर ते जंतू मोजण्याइतके कुणाच्याच हातावर मिळाले नाहीत. तेव्हा घरातल्या निरोगी माणसांनी एक वडी वापरली म्हणून आभाळ कोसळत नाही, सासूबाईंचं तेवढं बरोबर आहे.

पण "आत्तापर्यंत काय झालं नाही" हे काय कारण नव्हे. घरात कुणाला वाहती जखम असेल, गळू फुटलेलं असेल, पू येत असेल, किंवा कुणाची केमो वगैरे चालू असेल तर साबण वेगळाच ठेवायचा. दिराचं गजकर्ण बरं होईपर्यंत त्याचाही वेगळा असू दे, पण टॉवेल तसाच ठेवून साबण वेगळा केलात तर फायदा शून्य.

आणि शेवटचं, माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो. दीर मेडिकलमधनं कसली ट्यूब आणून लावतोय ते बघा. गजकर्णावर म्हणून तीन-तीन चार-चार औषधं एकत्र असलेल्या ट्यूबा लोक मागून नेतात, त्यात स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. आत बुरशी पसरतच असते, कारण स्टेरॉइडनं कातडीची लढायची ताकद कमी होते. ट्यूब बंद केली की दुप्पट उठतं. मग परत तीच ट्यूब. पाकिटावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असलं नाव दिसलं तर ती लावणं बंद करा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, दोघांनाही, दीर आणि पोरगं. पोराच्या मानेला तर ती ट्यूब अजिबात लावू नका.

शंकासुर_कराड

मेडिकलवाले भाऊ, छान लिहिलंय पण एक गोष्ट तुम्ही सोडली. ते १९८८ चं संशोधन साबण कंपनीतल्या लोकांनीच केलेलं आहे. आणि १६ माणसं म्हणजे काय मोठा आकडा नाही. त्यांनी हात पद्धतशीर धुतले असणार, आपल्याकडं पोरं काय करतात, नळाखाली बोटं ओली करतात, वडीवरनं एकदा हात फिरवतात आणि चड्डीला पुसून पळतात. त्या हातावर काय राहतं ते कुठं तपासलं?

दुसरं म्हणजे दवाखान्यात सगळ्यांसाठी एक वडी ठेवत नाहीत, ठेवलीच तर लहान तुकडे आणि खाली पाणी निथळेल अशी जाळी पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या हात धुण्याच्या नियमात आहे. अमेरिकेत सीडीसीवाले, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संस्था, खेळाडूंना सांगतात की टॉवेल, रेझर वाटून वापरू नका आणि जिथं बरेच जण धुतात तिथं वडीपेक्षा लिक्विड बरा. ते काय येडे आहेत का? एमआरएसए म्हणून एक जंतू आहे, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही, तो अशा कुस्ती-फुटबॉलवाल्यांच्यात कातडीवरून पसरतो. आणि ताईंचा दीर तालमीत जातो. म्हणून म्हणतो ताईंनी वेगळे साबण आणले ते बरोबरच केलं, सासू रुसली तर रुसू दे.

मेडिकलवाला_मिरज

@शंकासुर_कराड मान्य आहे, कंपनीवाल्यांचं संशोधन आहे ते मी लिहायला पाहिजे होतं. पण मला सांगा, वडीमुळं घरात साथ पसरली असं उलटं दाखवणारं काही आहे का? तसं असतं तर मागच्या चार पिढ्या खाजवतच गेल्या असत्या. दवाखाना आणि जिम वेगळं, तिथं अनोळखी माणसं, जखमा, दिवसभर ओली वडी. घर वेगळं. घरात तुम्ही तसेही एकमेकांचे जंतू ताटातनं, गादीवरनं, मिठीतनं घेतच असता.

पोरांच्या हात धुण्याचं मात्र शंभर टक्के. तिथं साबण कुणाचा याला काडीची किंमत नाही, किती वेळ घासला याला आहे. वीस सेकंद म्हणतात, म्हणजे बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखं एवढं होतंय तोपर्यंत.

लिक्विडचं पण एक ऐका. घरोघरी काय चालतं मला माहितेय, बाटली संपत आली की त्यात पाणी घालून हलवायची आणि अजून पंधरा दिवस ओढायची. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून जे घातलेलं असतं ते पाण्यानं पातळ झालं की त्याच बाटलीत जंतू वाढतात. वडीवर निदान वरचा थर धुऊन जातो, बाटलीच्या आतलं कोण धुतं? पाउचनं भरत असाल तर बाटली आधी रिकामी करून, धुवून, वाळवून मग भरा. आणि ते पंपाचं बटण, ते घाण हातानंच दाबतो ना आपण.

लाल_माती

तालमीचा विषय निघाला म्हणून लिहितोय नाहीतर मी नुसता वाचणारा गडी. मी सात-आठ वर्षं मातीत होतो, आता गुडघा गेलाय. ताई तुमच्या दिराला गजकर्ण साबणामुळं झालेलं नाय, लिहून घ्या. ते लंगोटातनं झालंय.

बघा कसं असतंय, पहाटे मेहनत झाली, लंगोट घामानं चिंब, तो पिळून दोरीवर टाकायचा. पावसाळ्यात तो वाळतच नाय. संध्याकाळी परत तोच दमट लंगोट कसायचा. एखाद्यानं आणला नसंल तर दुसऱ्याचा घालायचा, त्यात कुणाला काय वाटत नाय. मग घाम पुसायला एकच पंचा आख्ख्या आखाड्याला. माती चांगली राखलेली असली, ताक तेल लिंबू हळद कापूर घालून वेळच्या वेळी खणली, तर मातीची एवढी भीती नसती असं जुनी माणसं सांगायची, मला त्यातलं शास्त्र माहीत नाय. पण आता निम्मी प्रॅक्टिस मॅटवर असतीय आणि मॅट रोज औषधानं पुसायला पाहिजे, ते कोण करतंय? पोरंच पुसणार, ती पण ओल्या फडक्यानं.

आणि खरी अडचण सांगू का लगा, पोरगं वस्तादाला सांगत नाय. सांगितलं की वस्ताद म्हणणार बस घरात चट्टे जाईपर्यंत. आणि जत्रांची मैदानं लागलेली असली, जोड ठरलेली असली, तर कोण बसतंय? मग ते वर पावडर मारून उतरतंय आणि समोरच्याला पण देतंय. दिराला विचारा त्याच्या जोडीतल्या किती पोरांना हाय, निम्म्यांना असणार.

करायचं काय तर लंगोट दोन-तीन पाहिजेत, रोज गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, जमलं तर इस्त्री. कुस्ती झाली की तिथंच गप्पा मारत बसायचं नाय, लगेच अंघोळ. जांघ कोरडी झाल्याबिगर चड्डी घालायची नाय. आणि बरं होईपर्यंत कुस्ती बंद, नुसत्या जोर-बैठका मारा घरी. साबण बदलून काय होत नाय.

बिनपाण्याची_हजामत

पावडर मारून उतरतंय 😂😂 ह्यो अनुभवाचा बोल हाय

माणदेशी_माणूस

दहिवडीकडचा आहे मी. तुमची चर्चा वाचून गंमत वाटते, भरपूर पाण्यानं धुवा म्हणे. टँकरच्या वर्षी आमच्याकडं पोराला घमेल्यात उभं करून अंघोळ घालायची आई, त्या घमेल्यातलं पाणी मग शेवग्याला. साबण लावला तर धुवायला पाणी जास्त लागतं म्हणून साबण आठवड्यातनं एकदा, बाकी दिवस नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. तिथं साबण कुणाचा ही चैन कुणाला. ज्या सालात पाणी नाही त्या सालात खरूज यायची, आख्ख्या वस्तीला, आणि पाणी आलं की कमी व्हायची. म्हणजे मला तरी तसं आठवतं, डॉक्टर लोकांनी सांगावं.

एक वेगळी शंका आहे. साबणाचं सगळे बोलताय, वजरीचं कुणी बोललं नाही. आमच्याकडं न्हाणीत एकच वजरी, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे त्याच वजरीनं टाचा घासतात. आईच्या टाचा भेगाळलेल्या, उन्हाळ्यात त्यातनं रक्त येतं. हे साबणापेक्षा वाईट नाही का?

मेडिकलवाला_मिरज

@माणदेशी_माणूस एकदम बरोबर पकडलंत. वजरी, रेझर, दात घासायचा ब्रश, नेलकटर, अंग घासायची घोसाळ्याची जाळी, ह्या गोष्टी रक्त आणि मेलेली कातडी धरून ठेवतात आणि वडीसारख्या झिजून स्वच्छ होत नाहीत. रेझर तर अजिबात वाटून घ्यायचा नाही, हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातनं जातो आणि दाढी करताना कापलेलं बारीक बारीक आपल्याला दिसत पण नाही. वजरी प्रत्येकाची वेगळी, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. आणि आईंना साखर आहे का बघा, असेल तर भेगांवर वजरी घासायचीच नाही. रात्री कोमट पाण्यात पाय धुवून, पुसून, व्हॅसलिन.

खरजेचं, ती एका बारीक किड्यामुळं होते, तो कातडीत बीळ करून राहतो. तो साबणावरनं वगैरे येत नाही, बराच वेळ अंगाला अंग लागून येतो, एका गोधडीत चार पोरं झोपली की झालं. साध्या खरजेत पाणी नसणं हे मूळ कारण नाही, पण टँकरच्या वर्षी गोधड्या धुतल्या जात नाहीत, आणि खाजवून कातडी फाटली की त्यात पू होतो, तो न धुतल्यानं वाढतो. तुमची आठवण चुकीची नसेल.

मास्तर_शाहूपुरी

खरजेवरून राहवलं नाही. मी साताऱ्यात शिकायला आलो तेव्हा बोर्डिंगात होतो, नाव घेत नाही. महिन्याला ठरावीक वड्या यायच्या, पोरं जास्त. मग आमचे रेक्टर एक करायचे, लाल लाइफबॉयची अख्खी वीट घ्यायची, शिवायचा जाड दोरा दोन हातांत ताणून धरायचा आणि वडीवरून दाबत न्यायचा. सुरीनं कापली तर तडकून चुरा पडतो, दोऱ्यानं लोण्यासारखी कापली जाते. प्रत्येकाला एक एक तुकडा, वर खिळ्यानं पाडलेलं भोक, त्यातनं सुतळी ओवायची आणि आपापल्या ट्रंकेच्या कडीला टांगायची. त्यामुळं साबण हवेवर राही, कोरडा, आणि कुणी कुणाचा घेत नसे, घेतला तर सुतळीचा रंग ओळखू येई.

आज वर वाचतोय की दवाखान्यात लहान तुकडे आणि निथळती जाळी हवी, तर आमचे रेक्टर काही पुस्तक वाचून ते करत नव्हते, त्यांना फक्त साबण पुरवायचा होता.

तर त्याच बोर्डिंगात खरूज आली. साबण सगळ्यांचा वेगळा, तरी आली. कारण थंडीत आम्ही दोघं दोघं एका घोंगड्यात झोपत होतो. सरकारी दवाखान्यातून गंधकाचं मलम आलं, वास असा की जेवण जाईना. आधी ज्यांना दिसते त्यांनाच लावलं, पंधरा दिवसांनी परत. मग एक म्हातारे कंपाउंडर आले, म्हणाले एका रात्री सगळ्या बोर्डिंगला लावा, खाज असो नसो, मानेपासून पायाच्या बोटापर्यंत, आणि सकाळी सगळ्यांचे कपडे एकदम उकळत्या पाण्यात. स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यात कपडे उकळले. तेव्हा कुठे गेली. आता मलम बदललं असेल, पद्धत तीच असावी.

मेडिकलवाला_मिरज

हो मास्तर, आता परमेथ्रिन पाच टक्के देतात, पण पद्धत अगदी तीच, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. जे कपडे उकळता येत नाहीत ते पिशवीत तोंड बांधून तीन-चार दिवस ठेवायचे, अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

पूरग्रस्त_२०१९

आमच्या हरिपूर रोडच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं तेव्हा आम्ही कॅम्पात होतो, शाळेत. एका नळाला पाचपन्नास माणसं आणि दगडावर एकच साबण, अंगाचा का कपड्याचा ते पण माहीत नाही, जो येईल तो वापरायचा. साबणातनं कुणाला काय झालं नाही पण चिखल्या मात्र सगळ्यांना झाल्या, पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरं पांढरं, सोलून निघायचं, चालवत नव्हतं. दिवसभर पाय ओले. डॉक्टर आले होते ते म्हणाले पाय धुवा, पण त्यापेक्षा पुसा आणि कोरडे ठेवा. त्यांनी एक गोळी पण दिली होती ती लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या पाण्यातनं येणाऱ्या तापासाठी, चिखल्यांसाठी नव्हे. तेव्हापासनं आमच्यात पाय पुसायचं फडकं वेगळं असतं, टॉवेलनं पाय पुसला की आई अजून ओरडते. मला वाटतं वरचे लोक बरोबर सांगतायत, ओल हा विषय आहे.

विश्रामबागची_सून

बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, मेडिकलवाल्या दादांचं "सासूबाईंचं तेवढं बरोबर आहे" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्याच्या पुढचं पण मी वाचलं पण ते त्यांना ऐकू आलं नाही.

टॉवेलांचं तुम्ही जे लिहिलंय ते कॅमेरा लावून बघितल्यासारखं आहे. दाराच्या मागं खिळा, त्यावर तीन टॉवेल, आणि धाकटा रोज काकाच्याच टॉवेलनं डोकं पुसतो कारण तो सगळ्यात मोठा आणि मऊ आहे. झोपतो पण काकाजवळच. दिराची ट्यूब बघितली, त्यावर क्लोबेटासॉल आहे. तीन ट्यूबा संपवल्यात त्यानं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

दोन प्रश्न राहिले. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, साबणाला फेसच येत नाही, अंगावर पांढरं पांढरं राहतं आणि साबणदाणीत चिकट थर जमतो, तो थर म्हणजे घाण का? आणि सासूबाई विचारतायत की एका पाकिटावर बेदिंग बार लिहिलंय आणि दुसऱ्यावर टॉयलेट सोप, त्यांचं म्हणणं संडासातला साबण अंगाला का आणला?

मेडिकलवाला_मिरज

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा 🙏 टॉयलेट सोप म्हणजे अंगालाच लावायचा साबण, आणि तोच खरा साबण. त्याला प्रत वन, टू, थ्री असते, ती टीएफएमवर ठरते, म्हणजे साबण ज्या चरबीपासून होतो ती किती टक्के आहे. पहिल्या प्रतीत निदान ७६, दुसरीत ७०, तिसरीत ६०. बेदिंग बारमध्ये ४० पासून चालते, बाकीचं भरताड. दोन्ही अंग स्वच्छ करतात, पण कोरडी कातडी असेल, म्हातारी माणसं, लहान पोरं, तर जास्त टीएफएमचा घ्या. आकडा पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात असतो. आणि जंतुनाशक साबणाच्या मागं लागू नका. ट्रायक्लोसानसारखी एकोणीस रसायनं असलेले घरगुती हॅन्डवॉश-साबण अमेरिकेत २०१६ मध्येच बाजारातनं काढायला लावले, साध्या साबणापेक्षा जास्त उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही म्हणून.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते साबणाला धरून त्याचा न विरघळणारा पांढरा साका होतो. ती घाण नव्हे पण तो नीट धुतला जात नाही आणि कातडी ओढल्यासारखी होते. शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या नळाचे अंगावर घ्या, तेवढं पाणी बाजूला काढून ठेवायचं. साबणदाणी भोकाची किंवा जाळीची पाहिजे, सपाट डबी नको, नाव घातलेली असली तरी नको. वडी बंद डबीत पाण्यात पोहत असेल तर वेगळी असून काय उपयोग. आठवड्यातनं एकदा दाणी ब्रशनं घासायची.

डॉक्टर जे देतील ते चट्टे गेल्यावरही सांगतील तेवढे दिवस लावायचं, दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नाही. क्लोबेटासॉल एकदम बंद केल्यावर दिराला आधी जास्त खाज सुटेल, तेव्हा तो परत ती ट्यूब शोधणार. लपवून ठेवू नका, फेकूनच द्या.

शंकासुर_कराड

म्हणजे शेवटी ताईंनी साबण वेगळे ठेवायचे का एक? ते तरी सांगा.

मेडिकलवाला_मिरज

दिराचा आणि पोराचा वेगळा, बरं होईपर्यंत. बाकीच्यांचा सासूबाई म्हणतील तसा. टॉवेल मात्र सातही वेगळे, रंगावरनं ओळखता येतील असे, आणि गच्चीवर उन्हात. खिळा काढून टाका.

लाल_माती

दिराला सांगा वस्तादाला सांगायला. आणि त्या जोडीच्या पोराला पण.

बिनपाण्याची_हजामत

एक कंगव्याचं राहिलं की ओ. आमच्यात एकच हाय म्हणलं ना वर. त्याचं काय?

पूरग्रस्त_२०१९

त्याला वेगळा धागा काढा राव, उवांवर बोलायला लागलो तर माझी आई स्वतः अकाउंट उघडेल.